ओट्यावरच्या चटया

प्राची सकाळी नऊपासून बूट घालून सोफ्यावर बसली होती. हातात फोन. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि खालच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा मांडव उभा राहत होता, त्या बांबूंचा आवाज.

"जायचंय का आज?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे नाही?"

"तेही माहीत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा फोनकडे बघायला लागली.

प्राची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून माझ्याकडे राहते आणि सिडकोतल्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये अर्धवेळ काम करते. अर्धवेळ म्हणजे नेमका किती वेळ, हे मला दोन वर्षांत कळलेलं नाही. कामाची वेळ तिच्या फोनवर येते. कधी 'एक ते चार', कधी 'पाच ते नऊ'. कधी आदल्या दिवशी येते, कधी त्याच सकाळी, आणि कधी येतच नाही. लग्नसराईत जास्त वेळा येते, म्हणून लग्नसराईत ती बूट घालून जास्त बसते. मला त्या बुटांचं कुतूहल वाटायला लागलं. काम नाही, पण पायात बूट आहेत, तर हे माणूस घरी आहे म्हणायचं की कामावर? माझी सगळी नोकरी सरकारी कामगार कार्यालयात, कामगारांच्या तक्रारी टाईप करण्यात गेली. निवृत्त झाले तरी असले प्रश्न माझा पिच्छा सोडत नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या ऑफिसातून फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आता साहेब झालाय. म्हणाला, कमी तासांवर काम करणाऱ्यांसाठी नियमांचा एक मसुदा निघालाय, लोकांच्या सूचना मागवल्यात, "मॅडम, तुम्ही वाचाच. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." स्तुती ऐकली की मी विरघळते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मसुदा आला. चष्मा पुसून पहिलंच कलम वाचलं: 'बोलावलेल्या कामगारास किमान चार तासांचे काम अथवा त्याचा मोबदला देण्यात यावा.'

वाचलं आणि हसू आलं. मग हसू गेलं. कारण हे कलम मी एकदा लिहिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, निळ्या शाईनं. त्या कलमानं एका बाईचं काय झालं, ते मी कुठल्याच फायलीत टाईप केलेलं नाही.

शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि लग्नसराईत सगळे रस्ते गुलमंडीला येऊन मिळायचे. आमच्याकडे बस्ता बांधायला दोघं-तिघं जात नाहीत, भावकी जाते. फुलंब्रीहून, गंगापूरहून, सिल्लोडकडून टेम्पो भरून माणसं यायची. नवरीची आई, नवऱ्याची आत्या, कशावरून तरी रुसलेली मोठी जाऊ, आणि कुणी न विचारता रंगांवर मत देणारा एक मामा. चपला साडीच्या दुकानाच्या ओट्याखाली सुटायच्या, माणसं पांढऱ्या गादीवर टेकायची, पाणी व्हायचं, चहा व्हायचा, मग साड्या उलगडायला लागायच्या. एक उलगडली की "ह्याच्यात हिरवा दाखवा." हिरवा दाखवला की "काठ बारीक हाय." मानाच्या वेगळ्या, आहेराच्या वेगळ्या, नवरीच्या वेगळ्या. घ्यायच्या असायच्या वीस, उलगडल्या जायच्या दोनशे. दुपारपर्यंत गादीवर एवढा ढीग साचायचा की पलीकडचे शेठजी दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे.

तो ढीग चादरीत बांधून हमाल माडीवर आणून टाकायचा. माडीवर आम्ही असायचो, घडीवाल्या. उलगडलेल्या साडीची पुन्हा दुकानातल्यासारखी घडी घालायची, एवढंच आमचं काम. मजुरी तासावर. लग्नसराई आहे तोवर काम आहे, ढीग आहे तोवर तास आहेत.

माझी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. शेजारच्या वकिलांच्या कारकुनाकडून मी कायद्याचं एक जुनं पुस्तक वाचायला आणलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला निम्मी वकील समजत होते. सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून घडीवाली झाले. माडीची ती हवा अजून आठवते. खाली वाळ्याचा कूलर, त्याचा गारवा गिऱ्हाइकांपुरता. वर तापलेला पत्रा, नव्या कापडाच्या खळीचा कोरडा वास, आणि रस्त्यावरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. फरशी इतकी तापायची की प्रत्येक बाई घरून आपली चटई आणायची आणि ती माडीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. रजियाआपाची हिरव्या काठाची. विमलमावशीची म्हणजे चटई नव्हेच, दोन गोण्या जोडून शिवलेलं बसकर. माझी आमच्या देवघरातली, आईला न विचारता आणलेली.

घडी घालायला दोघी लागतात. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, काठाला काठ लावायचा, झटका देऊन ताणायची, मग जवळ येत येत दुमडायची, आणि शेवटी पदराचा भाग वर राहिला पाहिजे. सुती इरकल ऐकते. जॉर्जेट लाडावलेली असते. नायलॉन तर हातातून पळते, तिला गुडघ्याखाली धरावं लागतं. हे सगळं मला रजियाआपानं शिकवलं. शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायची ती. नवरा टांगा चालवायचा, आणि रिक्षा वाढत होत्या तसे टांग्यात बसणारे कमी होत होते. पदरी तीन लेकरं. आपाच्या हाताला तोड नव्हती. आपण साडीचा काठ शोधत असायचो तोवर तिची घडी होऊन थप्पीवर गेलेली असायची.

पहिल्या दिवशी मी तिच्या बरोबरीनं हात चालवला. आपण कशात कमी नाही हे दाखवायचं होतं ना. दोघींनी मिळून बाराच्या आत ढीग संपवला. खालून शेठजींचा आवाज आला, "झालं का? मग जावा आता घरी." जिना उतरताना विमलमावशी माझ्यामागं होती. साठीची, हर्सूलकडून चालत येणारी, तोंडात सतत बडीशेप.

"शिकल्याली दिसती तू," ती म्हणाली. "लई झपाझप चालतो हात."

मी खूश होऊन मान डोलावली.

"तुज्या हातानं माजी दुपार गेली की. ढीग सरला का आपुन सरलो इथं. उद्या जरा दमानं."

मी जिन्यातच थांबले. कुंभाराचा हात बसला की मडकी जास्त होतात, शिंप्याचा बसला की झबली जास्त शिवून होतात. इथं हात बसला की बाई घरी जाते. एवढी साधी गोष्ट मला माझ्या पुस्तकात कुठं दिसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले, तर माडीवर मंदपणाचं एक शास्त्रच होतं. पाणी प्यायला एकेकीनं जायचं, दोघींनी नाही. मावशी मधेच एखादी घडी डोळ्यांसमोर धरायची, "तिरपी झाली गं बाई," म्हणायची आणि चांगली झालेली साडी उलगडून पुन्हा घालायची. सगळ्या गंभीर चेहऱ्यानं मान हलवायच्या. फक्त आपाला ते जमायचं नाही. "मेरेकू हळू येतंच नाय बेटा," ती म्हणायची. "हात ऐकत नाय." हुशार हाताची शिक्षा ती रोज भोगायची आणि तिच्याबरोबर आम्ही.

आम्हाला बोलावण्याची रीतही तशीच. ढीग साचायला लागला की हमाल सायकलवर निघायचा आणि गल्लीच्या तोंडाशी आरोळी द्यायचा. अर्ध्या तासात जी पोचली ती कामावर. दोनदा नाही पोचली तर तिचं नाव गेलं. त्यामुळे बायका घर सोडायच्या नाहीत. रेशनच्या रांगेत उभं राहायचं नाही, माहेरी जायचं नाही, पापड वाळत घालायचे तर हाकेच्या टप्प्यात. आपाची पिशवी दाराशी तयार असायची आणि वरच्या खुंटीला बुरखा. मावशीचं घर लांब, तिला आरोळी ऐकू येणारच नव्हती. ती आपली नऊ वाजताच येऊन दुकानाजवळच्या मारुतीच्या देवळात बसायची. देवळातल्या पुजाऱ्याला वाटायचं, म्हातारी मोठी भाविक आहे.

आता विचार करते तर त्या देवळातल्या तीन तासांना काय म्हणायचं? काम नाही, कारण हातात साडी नाही. विश्रांती नाही, कारण कान रस्त्याकडे. घर नाही, देवदर्शनही नाही. नोकरीत मी पुढं कितीतरी व्याख्या टाईप केल्या, 'कामगार म्हणजे', 'कामाची जागा म्हणजे', 'कामाचा दिवस म्हणजे'. 'वाट पाहणे म्हणजे' असं काही टाईप केल्याचं मला आठवत नाही.

लग्नसराई ऐन भरात होती तेव्हा आपाला एक निरोप आला. मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायला बाई हवी होती. सकाळी नऊ ते बारा, रोज. आधी आठवडाभर येऊन दाखव, पसंत पडलीस तर कायम. तिनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली साडी पहिल्यांदा अर्धवट राहिलेली मी पाहिली. "सालभर, बेटा," ती म्हणाली. "बारिश में बी, रमजान में बी. सालभर." आम्ही फार तर दीड महिन्याच्या कामाच्या बायका. सालभर हा शब्द त्या माडीवर तोवर कुणी उच्चारला नसेल.

अडचण एकच होती. सकाळी नऊ ते बारामध्ये गुलमंडीची आरोळी आली तर? आपा खाली जाऊन शेठजींना म्हणाली, मला बारानंतर बोलवत जा. शेठजी वाईट माणूस नव्हता. शब्दाचा पक्का, बायकांशी बोलताना नजर खाली. म्हणाला, "आपा, गिऱ्हाईक काय घड्याळ बघून येतं का? दहालाच ढीग पडला तर मी त्याच्याकडं बघत बसू का?"

इथं माझ्यातली निम्मी वकील जागी झाली. बायका तासभरासाठी धावत येतात, ढीग संपला की परत, म्हणून ही सगळी ओढाताण आहे असं मी ठरवलं. एकदा तास पक्के झाले की बाकीचं आपोआप रांगेला लागेल. मी पुठ्ठा फाडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'ज्या बाईस कामावर बोलावण्यात येईल, तिला किमान चार तासांचे काम मिळेल.' आणि तो घेऊन थेट गादीपाशी गेले. आज ते आठवलं की माझीच मला गंमत वाटते. घाबरले नव्हते, कारण घाबरायला जेवढी माहिती लागते तेवढीही मला नव्हती.

शेठजींनी दोनदा वाचलं. "चार का? साडेतीन का नाय?"

"अर्धा दिवस होतो म्हणून," मी ठोकून दिलं.

ते हसले. माडीवरची चालढकल त्यांना कळत नव्हती थोडीच. "बरं, मंजूर. पण मग चांगली घडी तिरपी म्हणायचं बंद." आणि त्यांनी तो पुठ्ठा लक्ष्मीच्या फोटोखाली भिंतीला डिंकानं चिकटवला. माझा पहिला कायदा. त्या संध्याकाळी मी घरी जाताना रसवंतीत एकटीनं मोठा ग्लास प्यायले.

शेठजींनी कलम अक्षरशः पाळलं. एकदाही कुणाला चार तासांच्या आत घरी पाठवलं नाही. फक्त छोट्या ढिगाला बोलावणं बंद केलं. आणि ते रास्तच होतं. तासाभराच्या कामाला चार तासांची मजुरी कोण देईल? ढीग चार तासांचा होईपर्यंत ते थांबायचे. मग आरोळी कधी सकाळी दहाला, कधी दुपारी दोनला, कधी दिवसभर नाहीच.

आपाला सोमवारपासून वसतिगृहात जायचं होतं. सोमवारी ती तयार झाली, बुरखा घातला आणि उंबऱ्यात थांबली. आधी आरोळी चुकली तर तासा-दीड तासाचं नुकसान होतं. आता चार तासांचं होतं. आणि आदल्याच आठवड्यात एकदा चुकलेली, आणखी एक चुकली की नाव गेलं. पोळ्यांचं अजून पक्कं नव्हतं, साड्यांचं निदान हातात होतं. ती थांबली. आरोळी आली नाही. मंगळवारीही ती थांबली. आली नाही. बुधवारी आली, दुपारी दोन वाजता. गुरुवारी ती उठून वसतिगृहात गेली तर पोळपाटापाशी दुसरी बाई बसलेली होती. "तीन दिवस वाट बघितली तुझी," तिथल्या बाई म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं. मुलींना वेळेवर जेवायला लागतं.

शुक्रवारी आम्ही माडीवर समोरासमोर उभ्या राहून एका इरकलीची घडी घालत होतो, तेव्हा तिनं हे सांगितलं. हात थांबवला नाही, आवाज चढवला नाही.

"तूने तास लिखे बेटा. कवा, ते नाय लिहिलं."

मावशी बडीशेप चघळत म्हणाली, "करायला गेलीस गणपती, न् झाला मारुती." तिला मला टोचायचं नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोकं जुळवायला आपा जवळ आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी चांगलं करायला गेले होते. ते सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी सांगितलंही नाही. ती साडी नारिंगी होती, तिचा काठ काळा होता, हे मात्र मला आजही आठवतं.

त्या रात्री मला एकाच प्रश्नानं छळलं. शेठजींना खरंच उद्याचं माहीत नसतं? मग मी चार दिवस हेरगिरी केली. पाणी प्यायच्या निमित्तानं खाली जायचं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. मुहूर्तांच्या तारखांना लाल खुणा होत्या, त्यात नवल नाही. पण इतर तारखांवरही पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. 'फुलंब्री.' 'गंगापूर, दोन घरं.' बस्त्याला येणारी माणसं सहज म्हणून येत नाहीत, टेम्पो ठरवून येतात. आणि टेम्पो ठरला की दुकानाला निरोप येतो. शेठजींना परवाचंसुद्धा माहीत असायचं. मी ते आपाला सांगितलं.

संध्याकाळी काम संपल्यावर आपा खाली गेली. मी जिन्यावरून ऐकत होते.

"शेठजी, उद्या कौन कौन आरा, तुमकू मालूम रहता ना?"

शेठजींनी गल्ला बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "असतं मालूम. सांगायचं कवा सुचलं नाय. कुणी इचारलं पण नाय."

आपानं त्यांच्याशी वाद घातला नाही. वर आली, आपली हिरव्या काठाची चटई खिळ्यावरून काढली आणि खाली नेऊन दुकानाच्या ओट्यावर ठेवली. म्हणाली, ज्या बाईचं उद्या काम, तिची चटई रोज सांजच्याला इथं ठेवायची. बाकीच्यांच्या वर खिळ्याला राहू द्यायच्या. शेठजींना यात खर्च नव्हता. त्यांनी मान हलवली.

आणि त्या लग्नसराईचे उरलेले दिवस तसेच गेले. मशिदीतली अजान आणि देवळातली आरती मागंपुढं व्हायची त्या सुमाराला ओट्यावर चटया यायच्या. भाजी घ्यायला निघालेल्या बायका मुद्दाम गुलमंडीवरून वळून जायच्या आणि चालता चालता एक नजर टाकायच्या. मावशीचं बसकर लांबूनही ओळखू यायचं. तिचं देवळात बसणं बंद झालं. पुजाऱ्यानं चौकशी केली, म्हातारी आजारी आहे का म्हणून. मी पण रोज बघायचे. आपली चटई दिसली की बरं वाटायचं, कुणीतरी बोलावल्याचा आनंद असतो तसा. चटया म्हणजे शेठजींचं आमंत्रण, असं मला वाटायचं. पुढं परीक्षा, नोकरी, लग्न, या सगळ्यात मी ती गोष्ट कित्येकदा सांगितली आणि तशीच सांगितली.

त्या दुकानाच्या जागी आता काचेचं दार आहे. कॅलेंडर नसणार. पण प्राचीच्या फोनवर वेळा पाठवणाऱ्या शोरूमच्या यंत्राला मुहूर्त माहीत नसतील असं मला वाटत नाही. गेल्या वर्षी याच आठवड्यात किती गर्दी होती हेही त्याला पाठ असणार. त्याला मालूम असतं. सांगायचं सुचत नाही, किंवा सुचू दिलेलं नाही, हे कोण सांगणार?

मसुदा दोनदा वाचून झाल्यावर मला राहवेना. आपा आता मुलाकडे बजाजनगरला असते. मुलगा वाळूजच्या कंपनीत होता, आता त्याचाच मुलगा कंपनीत जातो. ईदला फोन होतो आमचा, भेट होत नाही. प्राचीचं काम त्या दिवशी संध्याकाळी पाचला होतं, निदान तसं फोनवर आलं होतं. तिच्या स्कूटरवर मागे बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून मी सकाळीच निघाले.

आपाची नजर अधू झालीय, पण हात अजून थांबलेले नाहीत. मी बोलत होते तेव्हा ती मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. नातसुनेनं सरबत आणलं. मी पिशवीतून कागद काढले.

"आपा, ऐका. सरकार कायदा करायचं म्हणतंय. पहिलं कलम आपलंच आहे. चार तास."

"हौ?" ती हसली. "शेठजी बोले थे, साडेतीन कायकू नाय."

"आणि दुसरं ऐका." हे वाचायला मी मुद्दामच आले होते. इतक्या वर्षांचं ओझं उतरवायला म्हणा ना. "'कामावर बोलवायचे असल्यास आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत कळवावे.' आता कवा पण लिहिलंय, आपा."

तिनं टॉवेल मांडीवर सपाट केला. "अच्छा है," म्हणाली. मग घडी घालता घालता, "और नाय बुलाना हो तो?"

मला प्रश्न कळला नाही. "नाहीच बोलवायचं, तर कळवायचं काय?"

"वोइच तो." ती माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. "उस सोमवार को शेठ ने नाय बुलाया, उसका मेरेकू दुख नाय. काम नव्हतं, नाय बुलाया. मंगल को बी नव्हतं. उसकू मालूम था, नाय है. 'आपा, आज नक्को' एवढंच बोल्ला असता, तर मी पोळ्या लाटायला गेली असती."

मी कागद मांडीवर ठेवले.

"चटया कायकू ठेवायला लावल्या मी? बुलाने कू? बुलाने कू तो हमाल था बेटा. मेरी चटई ओटे पर नाय दिसली, तो कल का दिन मेरा. मग मी दुसरं काम पकडायची. बाळंतिणी कू न्हाऊ घातलं, शेवया केल्या, गोधड्या शिवल्या. जो चटई नाय दिखती थी ना, उसके वास्ते सब किया मैं."

चाळीसहून जास्त वर्षं मी ओट्यावरच्या चटया मोजत आले. खिळ्याला राहिलेल्या चटयांकडे मी पाहिलंच नव्हतं. माझी सगळी नोकरी, सगळे ते टाईप केलेले कागद, बोलावलेल्यांविषयी होते. न बोलावलेली बाई दिवसभर उंबऱ्यात उभी असते, तिला घरात जायला कुणी सांगायचं, हे त्यात कुठंच नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडं रडूही आलं. आपाला ते दिसलं नसावं. तिनं टॉवेलची घडी पुन्हा मोडली.

प्राची इतका वेळ दाराशी टेकून फोन बघत होती. आपानं तिला हाक मारली. "तू बी काम करती ना बेटी? कल है काम?"

"माहीत नाही, आपा."

"नाय है क्या?"

"तेही माहीत नाही," प्राची म्हणाली, आणि फोन पालथा करून ठेवला.

मी मसुद्याचं ते पान उघडलं. उजव्या बाजूला सूचना लिहायला रकाना होता. त्यात लिहिलं: 'ज्यांना काम नाही, त्यांनाही तसे आदल्या संध्याकाळी सांगावे.' पुढचा रकाना होता, 'सूचनेचे कारण'. तिथं पेन टेकवून मी बसून राहिले. नियमांची भाषा मला तोंडपाठ आहे, 'सदर कामगारास', 'अन्य उपजीविकेच्या संधी', असलं काय काय हात आपोआप लिहू शकतो. पण त्यातलं काही लिहावंसं वाटेना.

"क्या लिखी?" आपानं विचारलं.

"कारण विचारलंय. काय लिहू?"

"लिख," ती म्हणाली, "पोळ्या."

मी तेच लिहिलं.